औद्योगिक क्रांतीच्या धड्यात एक घर हवं: इतिहासाच्या पाठ्यपुस्तककारांना खुलं पत्र

प्रति,
इतिहासाची पाठ्यपुस्तकं लिहिणारी व तपासणारी मंडळी आणि वर्गात हा विषय शिकवणारे माझे सहकारी,

सप्रेम नमस्कार.

औद्योगिक क्रांतीचा पाठ आपण वर्षानुवर्षं एकाच वाटेने नेत आलो आहोत. हारग्रीव्ह्जची स्पिनिंग जेनी, आर्कराइटची वॉटर फ्रेम, वॅटचं वाफेचं इंजिन, मग कारखाने, मग शहरं. शेवटी 'परिणाम' या मथळ्याखाली दोन ओळी: कामगारांची स्थिती हलाखीची होती, स्त्रियांना व मुलांना कमी वेतन मिळे. मुलं त्या पाठ करतात, पेपरात लिहितात आणि गुण घेऊन पुढे जातात.

त्या ओळींत चुकीचं काही नाही, पण त्यांतून मुलांच्या हाती काही लागत नाही. खोली केवढी होती, आठवड्याला किती शिलिंग यायचे, पहाटे कोण उठायचं आणि मूल कोण सांभाळायचं, हे कळेपर्यंत हलाखी हा नुसता शब्द राहतो. माझी मागणी अशी की या पाठात एक घर आणावं. खरं घर, गावाच्या नावासकट. ते स्कॉटलंडमधल्या डंडी शहरातलं, व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं असावं, असं मला मनापासून वाटतं. कारण तागाच्या धाग्याने ते घर हिंदुस्थानाशी बांधलेलं होतं, आणि गिरणी-कामगाराच्या घराबद्दल आपण जे गृहीत धरतो त्यातलं बरंचसं तिथे उलटं होतं.

शहराची माहिती थोडक्यात देते. डंडी हे टे नदीच्या मुखाशी असलेलं बंदर. आधी तिथे लिननचं कापड व्हायचं आणि त्यासाठी लागणारा फ्लॅक्स, म्हणजे जवसाच्या झाडाचा तंतू, रशियातून यायचा. एकोणिसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावशतकात बंगालचा ताग तिथे पोहोचला, पण तो इतका राठ की यंत्रावर धड कातला जाईना. बंदरात देवमाशांची शिकार करणारी जहाजं होतीच. देवमाशाचं तेल आणि पाणी मुरवलं की ताग मऊ पडतो, हे तिथल्या लोकांना उमगलं आणि गावाचं नशीब पालटलं. १८५३ ते १८५६ च्या क्रिमियन युद्धात रशियाचा माल आटला. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने पोती आणि गोणपाटाची मागणी प्रचंड वाढवली. १८४१ मध्ये साठ हजारांच्या घरात असलेली वस्ती १९०१ पर्यंत १ लाख ६० हजारांवर गेली. लॉखी या भागात कॉक्स बंधूंचं कॅम्परडाउन वर्क्स उभं राहिलं. ऐन भरात तिथे ५,००० च्या आसपास माणसं राबत होती, आणि १८६५-६६ मध्ये बांधलेलं त्याचं २८२ फूट उंच धुराडं आजही उभं आहे. जगभरचं धान्य, कॉफी, लोकर ज्या बारदानात भरली जायची, त्यातलं कितीतरी बारदान या एका शहरातून निघायचं.

इथपर्यंतचं लिहायला कोणाचीच हरकत नसते. आता घरात चला.

१८५९ च्या सुमारास ॲबरडीनहून एक कुटुंब डंडीत आलं. बाप रॉबर्ट स्लेसर जोडे शिवणारा, दारूपायी काम गमावून बसलेला. आई विणकामात तरबेज. मुलांपैकी मेरी तेव्हा अकराएक वर्षांची. हीच मेरी स्लेसर १८७६ मध्ये मिशनरी म्हणून आजच्या नायजेरियातल्या कॅलाबारला गेली. अपशकुनी समजून टाकून दिलेली जुळी मुलं तिने तिथे वाचवली, आणि पुढे स्कॉटलंडमध्ये १० पौंडांच्या नोटेवर तिचं चित्र छापलं गेलं. चरित्रकारांना कॅलाबारची मेरी हवी असते. आपल्या पाठासाठी मला हवी आहे ती त्याआधीची, गिरणीतली मेरी.

बापाच्या कमाईचा भरवसा नव्हता म्हणून आई गिरणीत जाऊ लागली. तेवढ्यात भागेना म्हणून अकराव्या वर्षी मेरी बॅक्स्टर बंधूंच्या गिरणीत 'हाफ-टायमर' म्हणून लागली. अर्धा दिवस गिरणीत, उरलेला अर्धा दिवस शाळेत. चौदाव्या वर्षी ती पूर्णवेळ कामावर गेली. पहाटे पाचच्या आधी उठायचं, सहाला हजर व्हायचं, संध्याकाळी सहाला सुटायचं, मध्ये न्याहारी आणि जेवण. आठवड्यातली सगळ्यात वाईट रात्र शनिवारची. मायलेकी आपल्या पोटाला चिमटा घेऊन बापासाठी जेवण राखून ठेवायच्या. तो झिंगत यायचा, ते जेवण विस्तवात भिरकावून द्यायचा, आणि मेरीला रात्री घराबाहेर पळावं लागायचं. हातातले पैसे संपले की गाठोडं काखोटीला मारून गहाणवटीच्या दुकानात जाणारी तीच. पुढे बाप गेला, भाऊ गेले. शेवटी घरात आई, मेरी आणि दोन बहिणी उरल्या आणि घर मुख्यतः मेरीच्या पगारावर चाललं.

आठवीतल्या-नववीतल्या मुलांना हे सांगून पाहा. बालमजुरी, व्यसन, कर्ज, बाईच्या डोक्यावरचा भार, हे सगळे 'मुद्दे' त्यांना एकाच चुलीभोवती बसलेले दिसतात. मी माझ्या वर्गात हे करते. त्यानंतर मुलं जे प्रश्न विचारतात, ते मला कुठल्याच स्वाध्यायात सापडलेले नाहीत. बापाला काम का मिळत नव्हतं, हा पहिला. तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे, म्हणून त्यावर जरा थांबते.

डंडीच्या तागाच्या गिरण्यांत बायका-मुलींची संख्या पुरुषांच्या कितीतरी पट होती. मालकांचा हिशोब सरळ होता: बाईला पुरुषापेक्षा कमी द्यावं लागतं. मुलगेही चालायचे, पण वय अठराच्या आसपास गेलं, मोठ्या माणसाचा पगार द्यायची वेळ आली की हातात नारळ. मग कोणी पलटणीत भरती व्हायचा, कोणी बोटीवर जायचा, कोणी घरी बसायचा. घरी बसलेल्या नवऱ्याने चहाचं आधण ठेवायचं, पोरं बघायची, बायको भोंग्यानंतर घरी येईपर्यंत चूल पेटती ठेवायची. किटली उकळत बसणारे म्हणून गावाने त्यांना 'केटल-बॉयलर' असं नाव पाडलं. लग्नानंतर कामावर जाणाऱ्या बायकांचं प्रमाणही असंच डोळ्यांत भरणारं होतं. शतक संपताना डंडीतल्या विवाहित बायकांपैकी सुमारे पाव हिस्सा कमावता होता. ग्लासगो किंवा एडिंबरा शहरांत हा आकडा याच्या जवळपासही नव्हता.

वर्गातल्या मुली हे ऐकून खूश होतात. बायकांचं राज्य, असं एखादी म्हणतेच. शिक्षकाने इथे घाई करू नये. बाई कमावती होती, पण तिच्यावरचा मुकादम पुरुष, मॅनेजर पुरुष, मालक पुरुष. शतकाच्या अखेरीस कातणाऱ्या बाईला आठवड्याला १० ते १२ शिलिंगांच्या आसपास मिळत. २० शिलिंगांचा एक पौंड, म्हणजे हप्त्याला जेमतेम अर्धा पौंड, आणि त्यात भाडं, कोळसा, पाव, बटाटे, पोरांचे जोडे. विणकरणीला थोडं अधिक मिळायचं, तेही जितकं कापड उतरेल तितकंच. या फरकावरूनही गावात उच्चनीच होतं. विणकरणी डोक्यावर हॅट आणि हातांत मोजे घालून कामाला यायच्या, कातणाऱ्या पोरी शाल पांघरून. रस्त्यात एकमेकींशी बोलणं टाळलं जायचं. शोषण झालं की सगळे आपोआप एक होतात, असं आपण शिकवतो. तसं होत नाही, हे मुलांना इथे दिसावं.

पण त्या मुकाट सोसणाऱ्याही नव्हत्या. एलेन जॉन्स्टन ही डंडीतली विणकरीण कविता करायची, 'फॅक्टरी गर्ल' या नावाने वर्तमानपत्रांत छापून यायची. १८६० च्या दशकात तिला आगाऊ सूचना न देता कामावरून काढलं. तिने फोरमनला कोर्टात खेचलं आणि आठवड्याचा पगार मिळवला. एकटी बाई, पदरात लहान मुलगी, आणि ही हिंमत! डंडीच्या बायका पगारकपातीविरुद्ध कोणाचीही वाट न पाहता अचानक काम टाकून रस्त्यावर उतरण्यासाठी प्रसिद्ध होत्या, आणि १९०६ मध्ये तिथे ताग आणि फ्लॅक्स कामगारांची युनियन झाली, तेव्हा तिच्या कार्यकारिणीत बायका होत्या. आपल्या पुस्तकांत 'कामगार चळवळ' म्हटलं की सगळे चेहरे दाढी-मिशांचे असतात. तिथे एलेनला जागा द्या.

आता खोली. १८६१ च्या जनगणनेत स्कॉटलंडमधल्या घरांपैकी सुमारे एकतृतीयांश घरं एका खोलीची निघाली, आणि त्याहून थोडी जास्त दोन खोल्यांची. डंडीत तीन-चार मजली दगडी इमारती, मागच्या अंगाला उघडे सज्जे, त्यावर ओळीने दारं, दोऱ्यांवर वाळणारे कपडे आणि सगळ्यांना मिळून एखादा संडास. लालबाग-परळची चाळ पाहिलेल्या मुलाला हे चित्र रंगवून सांगावं लागत नाही. खोलीच्या भिंतीत खोल कोनाडा, त्यात पलंग, पलंगावर मावतील तितकी माणसं, उरलेली जमिनीवर. कोळशाच्या शेगडीवर किटली आणि ओटची लापशी. याच खोलीत म्हातारी माणसं आणि पोरं गोण्या शिवायची. गिरणीत विणलेला गोणपाट घरी यायचा आणि पोती होऊन परत जायचा. म्हणजे भोंगा वाजून गिरणी सुटली तरी घरातलं गिरणीचं काम सुटलेलं नसायचं.

लूमखात्यात, म्हणजे विणकामाच्या विभागात, साच्यांचा (मागांचा) खडखडाट इतका की शेजारी उभ्या असलेल्या बाईचं बोलणं ऐकू यायचं नाही. बायका ओठांवरून वाचायला आणि बोटांनी बोलायला शिकल्या होत्या. वर्षं गेली की अनेकींना खरंच ऐकू येईनासं व्हायचं. नव्याने आलेल्या पोरीला तागाचा तूस आणि तेलाचा दर्प बाधून ताप भरायचा, 'मिल फीव्हर'. तो निघाला की ती रुळली असं समजायचं.

मुलांबद्दलचे कायदे आपण सनावळीत देतो. तेही घराच्या नजरेतून दिले तर कळतील. १८४४ च्या कायद्याने आठ वर्षांचं मूल अर्धवेळ कामावर ठेवायला मुभा होती. सकाळी गिरणी आणि दुपारी शाळा, नाहीतर एक दिवस गिरणी, एक दिवस शाळा. १८७२ मध्ये स्कॉटलंडात ५ ते १३ वयाच्या मुलांना शिक्षण सक्तीचं झालं, पण अर्धवेळ काम त्यातूनही टिकलं. १८७४ च्या कायद्याने किमान वय दहावर नेलं, १८९१ च्या कायद्याने अकरावर, आणि राणी वारली त्या १९०१ सालच्या कायद्याने बारावर. मूल शाळेत पेंगत का होतं, हे विचारायला कायद्याची गरज नव्हती. पोराचे दोन-तीन शिलिंग बंद झाले तर ते घर आठवडा कसा काढणार, याचं उत्तर मात्र एकाही कलमात नव्हतं.

हीच गत बाळंतिणीची. १८९१ च्या कायद्याने बाळंतपणानंतर चार आठवडे बाईला कामावर घ्यायला बंदी झाली. कागदावर कायदा चांगला. पण त्या चार आठवड्यांचा पगार द्यायचा कोणी, हे त्यात नव्हतं. पाचव्या आठवड्यात तान्हं मूल आजीकडे नाहीतर पैसे घेऊन पोरं सांभाळणाऱ्या शेजारणीकडे टाकून आई साच्यावर उभी. शतकाच्या शेवटी डंडीत जन्मणाऱ्या दर १,००० बाळांपैकी १५० हून अधिक वर्षाच्या आत दगावत होती. आया मुलांना टाकून कामाला जातात म्हणून मुलं मरतात, असं तेव्हाची शहाणी मंडळी सर्रास म्हणत. मला याचा फार राग येतो. पगार इतका कमी ठेवायचा की आईला घरी राहता येऊ नये, आणि मग तिलाच निष्काळजी ठरवायचं!

हे वेगळ्या नजरेने पाहणारी एक बाई डंडीतच होती. मेरी लिली वॉकर. १८८८ मध्ये स्थापन झालेल्या डंडी सोशल युनियन या समाजसेवी संस्थेत ती काम करायची. १९०५ मध्ये तिने आणि मोना विल्सनने मिळून शहरातल्या घरांचा आणि कामाच्या परिस्थितीचा अहवाल काढला. दारोदार जाऊन भाडं, मिळकत, खर्च, मुलांची उंची-वजनं, सगळं मांडलं. त्यानंतर अंगावर पाजणाऱ्या आयांसाठी तिने जेवणघरं सुरू केली. आईला वेळेवर पोटभर जेवण दिलं तर बाळ जगतं, हे तिला त्या खोल्यांतून फिरताना समजलं होतं. इतिहासाच्या पाठात समाजसुधारक म्हणून हिचं नाव येऊ नये, याचं काही कारण मला दिसत नाही.

मालक कुठे राहत, हेही सांगायला हवं. धुरापासून लांब, ब्रॉटी फेरीला, समुद्राकाठच्या वाड्यांत. त्यांनी गावाला दिलं काहीच नाही असं म्हणणं अन्याय होईल. १८६३ मध्ये बॅक्स्टर घराण्याने गावाला बाग दिली, आणि मेरी ॲन बॅक्स्टरच्या पैशांतून १८८१ मध्ये मुलामुलींना एकत्र शिकवणारं कॉलेज उभं राहिलं. पण तागाच्या नफ्याचा मोठा ओघ गेला अमेरिकेकडे, रेल्वेचे रोखे, जमिनी आणि गुरांचे मळे यांत. डंडीच्या एका खोलीत दाटीवाटीने झोपणाऱ्या माणसांच्या मेहनतीवर टेक्ससमध्ये गुरं चरत होती. हे नकाशावर दाखवा. मुलं विसरणार नाहीत.

त्याच नकाशावर पूर्व बंगालही दाखवा. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहून कुजवलेल्या तागाची साल सोलणारा शेतकरी तिथे होता. १८५५ मध्ये कलकत्त्याजवळ रिश्र्याला डंडीची यंत्रं आणून पहिली तागाची गिरणी उभी राहिली. पुढे डंडीचेच फोरमन आणि मॅनेजर हुगळीकाठी जाऊन गिरण्या चालवू लागले, आणि शतक संपता संपता कलकत्ता डंडीच्या पुढे निघून गेलं. डंडीच्या बाईला कलकत्त्याची स्वस्त मजुरी भेडसावत राहिली, आणि कलकत्त्याच्या मजुराच्या कष्टावर डंडीच्याच भागधारकांनी लाभांश खाल्ला. साम्राज्याचा फायदा 'ब्रिटिशांना' झाला, असं एका वाक्यात आपण शिकवतो. कुठल्या ब्रिटिशांना, हे विचारण्याची सवय मुलांना याच उदाहरणातून लागेल.

मुंबईच्या कापड गिरण्यांचा विषय इथे ओघाने येतो, आणि यावा. मुंबईतही साचे तसेच होते, भोंगे तसेच होते. पण इथे गिरणीत बायका थोड्या, कमावता पुरुष, आणि बायकापोरं कितीदा कोकणात नाहीतर घाटावर गावी. तिकडे कमावती बाई आणि किटलीपाशी नवरा. यंत्र सारखं असूनही घर वेगळं झालं, कारण पगार कोणाला किती द्यायचा हे माणसांनी ठरवलं होतं. यंत्र आलं आणि समाज बदलला, असं आपलं पुस्तक सांगतं. यंत्र आणि समाज यांच्या मधली ही जागा त्यात कोरीच राहिलेली आहे.

पानांची मर्यादा असते, अभ्यासक्रम आधीच जड आहे, हे मला माहीत आहे. म्हणून जास्त मागत नाही. शोधांच्या यादीतली चार नावं कमी करा आणि ते एक पान स्लेसरांच्या घराला द्या. 'परिणाम' हा मथळा काढून तिथे आठवड्याचा जमाखर्च द्या: आईचा पगार, मुलीचा पगार, भाडं, कोळसा, पाव. मग विचारा की बाप आजारी पडला तर यातलं काय बंद होईल, आणि मुलीला शाळेत ठेवायचं तर काय. शिक्षकांच्या हस्तपुस्तिकेत डंडीचं व्हर्डंट वर्क्स हे जुन्या गिरणीतलं संग्रहालय आणि १९०५ चा अहवाल यांचा उल्लेख करा. मुंबईतल्या शाळांसाठी जोडीला एक उपक्रम ठेवा: गिरणगावातल्या एखाद्या आजी-आजोबांकडून त्यांच्या घरचा तसाच जमाखर्च लिहून आणायचा. ही माणसं आता झपाट्याने कमी होत आहेत, तेव्हा पुढच्या फेररचनेपर्यंत थांबू नका.

मसुदा करायला हात हवे असतील तर मी आणि माझ्या ओळखीचे काही शिक्षक सुट्टीत बसायला तयार आहोत. मानधन नको.

आपली नम्र,
माध्यमिक शाळेतील एक इतिहास शिक्षिका